वापरलेली हिमालयन घ्यावी का? किलोमीटर सोडून आणखी काय काय बघायचं

विचारणाऱ्याची हकीकत थोडक्यात अशी. वय ३४, उंची पाच फूट पाच इंच, घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. सध्याच्या १५० सीसीच्या गाडीवर लोणावळा, महाबळेश्वर, एकदा गोवा झालंय. आता पावसाळ्यात कोकण आणि पुढच्या उन्हाळ्यात पत्नीसह स्पिती करायचं मनात आहे. सिंहगड रोडच्या एका गृहस्थांची २०२१ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ विकायला आहे. पहिलाच मालक, ३८ हजार किलोमीटर, पॅनियर (बाजूच्या सामानाच्या पेट्या) आणि क्रॅशगार्डसह मागणी १ लाख ६० हजार. दुसरीकडे बाणेरला २०२० ची केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर आहे, फक्त ११ हजार चाललेली, मागणी २ लाख १० हजार. बजेट ओढूनताणून दोन लाख. प्रश्न असा, की थोडी ओढाताण करून कमी चाललेली केटीएम घ्यावी, ३८ हजार चाललेली हिमालयन घ्यावी, की जुन्या गाडीच्या नादीच लागू नये?

तुमच्यासाठी हिमालयन. मात्र सिंहगड रोडचीच घ्यायची की दुसरी शोधायची, हे ती गाडी तासभर नीट बघितल्याशिवाय कुणीही सांगू नये. त्या तासात काय करायचं तेच खाली सविस्तर लिहितोय. पुण्यात टूरिंगच्या गाड्या दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि गाडी घेऊन झाल्यावर माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी घेण्याआधी फक्त मीटर बघितलेला असतो.

तुमचाही सगळा हिशेब किलोमीटरवर चाललाय, म्हणून आधी त्याबद्दल. ३८ हजारांनी मी दचकत नाही. पाच वर्षांत ११ हजार, हे मात्र मला खटकतं. म्हणजे वर्षाला जेमतेम दोन हजार. गाडी उभी राहिली की टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, फोर्कचे, म्हणजे पुढच्या चाकाच्या शॉकअब्सॉर्बर दांड्यांचे, सील कडक होतात, बॅटरी मरते. टायरला नक्षी दिसते भरपूर, पण रबर दगड झालेलं असतं आणि ताम्हिणीत पहिल्या पावसात ते कळतं. टायरच्या कडेला चार आकडे एका चौकटीत असतात, ते वाचायला शिका. २३२० असेल तर २०२० सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. कमी चाललेल्या गाडीला बहुधा मूळचेच टायर असतात आणि ते बदलावेच लागतात. याउलट ३८ हजारांपैकी बरेचसे जर पुणे–हंपी, पुणे–गोवा, पुणे–राजस्थान असे झाले असतील, तर ते इंजिनासाठी सुखाचे किलोमीटर आहेत. एका तापमानावर, एका वेगात, वरच्या गिअरमध्ये. हिमालयनचं ४११ सीसीचं इंजिन जेमतेम २४ हॉर्सपॉवर काढतं, म्हणजे ते कधीच जिवावर येऊन चालत नाही. ऑइल वेळेवर बदललं आणि टॅपेट (वॉल्व्ह उघडणारे भाग; त्यांतली फट जुळवावी लागते) बघितले, तर ३८ हजार हे त्याचं अर्धं आयुष्यही नाही.

आता गाडीआधी तुम्ही. या वर्गातल्या गाडीत सगळ्यात जास्त फसवतं ते वजन. बीएस-६ हिमालयन पेट्रोल भरून सुमारे २०० किलो भरते. तुमची आत्ताची गाडी त्याच्या पाऊणपटही नाही. तुमचं वर्षातलं बहुतेक चालवणं चांदणी चौक, वाकड, हिंजवडीचा फेज वन, संध्याकाळी परत, असं आहे. स्पिती वर्षातून दहा-बारा दिवस. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी ओळखीच्या कुणाची तरी हिमालयन तासभर मागून घ्या आणि दोन गोष्टी करा. सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावरून ती बंद अवस्थेत मागे ढकलत वर काढा. आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला नवले पुलाच्या उतारावर, थांबत-सरकत, वहिनींना मागे बसवून चालवा. दोन्ही करून तुम्ही वैतागला नाहीत तर पुढे जा. वैतागलात तर आत्ताच थांबा. त्यात कमीपणा काही नाही.

इथेच केटीएम तुमच्यासाठी मागे पडते. कागदावर ती हिमालयनपेक्षा हलकी आहे, ताकद ४३ हॉर्सपॉवर, क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय), वळणातही काम करणारं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), सगळं खरं. पण तिची सीट ८५५ मिलिमीटरवर आहे, हिमालयनची ८०० वर. पाच-पाच उंचीच्या माणसाला हे साडेपाच सेंटिमीटर फार होतात. एकटे असाल तर चवड्यावर भागतं. मागे माणूस, दोन्ही बाजूंना बॅगा, समोरून ट्रक येतोय म्हणून घाटात तिरक्या जागी थांबायचंय, अशा वेळी पाय सपाट टेकला नाही तर गाडी पडते. वेगात पडणं या गाड्यांत कमी, उभ्या-उभ्या पडणं जास्त. आणि उभी गाडी पडली की मागच्या माणसाचा पाय खाली येतो. वहिनी बरोबर असणार आहेत, म्हणून मी या मुद्द्यावर हट्टाने बोलतोय.

ताकदीचं काय, असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे, कारण स्पितीत कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. हवा विरळ झाली की कुठलंही इंजिन मंदावतं. फ्युएल इंजेक्शन मिश्रण सांभाळतं, पण नसलेली हवा आणून देत नाही. दोन माणसं आणि सामान घेऊन हिमालयन तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढेल, हे आत्ताच मान्य करून टाका. फक्त ती रांगते ते शांतपणे. ३२ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, तिला चार ते साडेचार हजार आरपीएमवरच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो. केटीएमचा ३७ आहे, पण तो सात हजारांवर. दगडगोट्यांच्या रस्त्यावर सात हजार आरपीएम ठेवून, मागे माणूस घेऊन चालवणं नवख्याचं काम नाही. महामार्गाचं म्हणाल, तर मुंबईच्या एक्स्प्रेसवेवर दुचाकीला परवानगीच नाही. साताऱ्याच्या रस्त्यावर नव्वदने जाणारी गाडी तुमच्या कामाला पुरते, आणि नव्वदला हिमालयन दिवसभर चालते. एकशे दहाच्या वर हँडल-पायात थरथर येते, मजा राहत नाही. उंच असाल, बहुतेक वेळा एकटे जात असाल आणि वेग आवडत असेल, तर मी नि:संकोच केटीएम सांगितली असती. चाकणला बनते, तिच्या कामातले लोकही आपल्याकडे भरपूर आहेत. पण देखभाल महाग. टॅपेटचंच बघा. हिमालयनचे स्क्रू-नटाचे, कुठलाही जाणता मिस्त्री तासाभरात करतो. केटीएमचे शिम (मापाच्या पातळ चकत्या) घालून करावे लागतात आणि त्यासाठी वरचं बरंच उघडावं लागतं.

आणखी दोन पर्याय मनात येऊन गेले असतील. फक्त सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा आणि एकट्यानेच, असं असतं तर २०० सीसीची एक्सपल्स सांगितली असती, ४० किलो हलकी. दोघांना घेऊन लांब जायला ती अपुरी. आणि चार-पाच लाखांत जुनी ६५० किंवा ८०० सीसीची परदेशी गाडी मिळतेय, हा मोह तुमच्या बजेटमध्ये येतच नाही. आला तरी तिचे टायर आणि ब्रेक पॅड वर्षातून एकदा विकत घेऊन बघा म्हणजे कळेल.

हिमालयनमध्ये कुठलं साल, हेही महत्त्वाचं. २०१६ मध्ये आली तेव्हा कार्ब्युरेटरवर होती आणि त्या पहिल्या गाड्यांना बऱ्याच तक्रारी होत्या. स्वस्त मिळते म्हणून त्या वाटेला जाऊ नका. २०१७ च्या उत्तरार्धात इंजेक्शन आलं, २०१८ मध्ये एबीएस, आणि २०२० मध्ये बीएस-६ बरोबर मागचं एबीएस बंद करायची सोय. तुमच्या समोर आलेलं २०२१ चं मॉडेल हे त्यातलं सुधारलेलं रूप आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ४५० आली आणि ४११ बंद झाली. पण रॉयल एनफिल्डची स्क्रॅम ही गाडीही याच इंजिनाची होती, त्यामुळे पार्टसाठी अडत नाही आणि बरीच वर्षं अडणार नाही.

आता प्रत्यक्ष बघणं. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. सकाळी जा. पोचल्यावर आधी इंजिनाला आणि सायलेन्सरला हात लावून बघा. गरम असेल तर का, ते विचारा. गार इंजिन सगळं बोलतं, गरम इंजिन बरंच लपवतं. स्टार्टर एका दाबात फिरावा, धूर दिसू नये, सुरुवातीचा वरचा आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन फिरतं तो वेग, मिनिट-दोन मिनिटांत खाली बसावा. टॅपेटची हलकी टिकटिक ऐकू आली तर घाबरू नका. लोक ती ऐकून गाडी नाकारतात. उलट टॅपेट अगदी गप्प असतील तर ते घट्ट असण्याची शक्यता जास्त, आणि घट्ट टॅपेट वॉल्व्ह जाळतो. खालून जड ठकठक आली तर मात्र हेल्मेट उचला आणि घरी या.

या गाडीचं दुखणं मी एकच सांगेन, तर ते कोनसेट. म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या वरच्या-खालच्या बेअरिंगा. ४११ मध्ये हे लवकर जातात, सगळ्यांनाच माहीत आहे. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागून दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक अधांतरी येईल. आता हँडल दोन बोटांनी अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मध्ये, सरळ जायच्या जागी, ते खाचेत बसल्यासारखं क्षणभर अडकलं, तर कोनसेट गेला. नंतर फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. टकटक जाणवली तरीही तेच. हे काम महाग नाही, गाडी नाकारायचं कारण नाही, भाव करायचं नक्की आहे. पण मालकाला हे कळलंच नसेल, तर तो गाडी कशी चालवत होता याचा अंदाज येतो.

हँडल फिरवताना आणखी एक बघा. दोन्ही टोकांना हँडल जिथे अडतं तिथे चासीच्या मानेवर लोखंडी अडण्या असतात. तिथला रंग थोडा उडालेला असतो, ते ठीक. पण अडणी चेपलेली, वाकलेली किंवा नव्याने रंगवलेली दिसली, तर पुढून जोराचा मार बसलाय. मिरर बदलता येतात, टाकी रंगवता येते, ही जागा बदलायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. चासी नंबरही तिथेच मानेवर ठोकलेला असतो. आरसीवरच्या नंबराशी अंक न् अंक ताडून बघा.

पुढच्या फोर्कला रबरी बूट आहेत. बरेच जण तेवढ्यावर समाधान मानतात. बूट वर सरकवा आणि आतला दांडा बघा, बोट फिरवा. गंजाचे ठिपके, ऑइलचा ओला कडा, चिखलाची पेस्ट, सगळं त्या बुटाखाली लपलेलं असतं. गंजलेला दांडा नवे सील महिनाभरात कापतो.

चाकं तारांची आहेत. पान्याने एकेक तार हलके वाजवा. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा, खणखणीत यायला हवा. एखादी बद्द वाजली तर सैल आहे. चाक फिरवून बोट रिमच्या कडेजवळ धरा, रिम डोलते का कळतं. मग तारांची मुळं बघा. कोकणात लोक गाड्या किनाऱ्यावर, थेट लाटांपर्यंत नेतात, फोटो काढतात आणि पुण्याला येऊन आठवड्याने धुतात. ते मीठ तारांच्या मुळाशी, नट-बोल्टच्या डोक्यांवर आणि सायलेन्सरच्या सांध्यांत बसतं. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि तारांच्या मुळाशी तांबूस गंज एकत्र दिसले, तर गाडीने समुद्र जवळून बघितलाय.

मागचं चाक उचलून बघायची पद्धत फार थोडे वापरतात. गाडी स्टँडवर असताना मागचं चाक खालून दोन्ही हातांनी वर उचला. शॉकअब्सॉर्बर दबायच्या आधीच चाक किंचित वर येऊन टक्क वाजलं, तर लिंकेजच्या, म्हणजे मागचं चाक आणि शॉकअब्सॉर्बर जोडणाऱ्या सांध्यांच्या, बुश-बेअरिंगा झिजल्यात. त्यांना ग्रीस करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. गाडी तीन पावसाळे फिरलेली असेल तर इथे कळतंच. चेनही तिथेच बघून घ्या. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बाजूची कडी बोटांनी ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचा खर्च धरा.

इंजिनाखालची पाटी खाली वाकून बघा. ओरखडे असणारच, त्यासाठीच ती आहे. खोल चेप असेल तर तिच्या वरचं इंजिनचं बूड तपासा. एअर फिल्टरचा डबा उघडायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, नाही म्हणायचं कारण नाही. आत बारीक वाळू किंवा वाळलेल्या चिखलाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात बुडालीय, निदान त्या उंचीपर्यंत.

सिंहगड रोड म्हटल्यावर मी हा मुद्दा सोडणार नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरी आणि आसपासच्या सोसायट्यांत पार्किंगसकट पाणी भरलं होतं. शेकडो गाड्या रात्रीतून पाण्याखाली गेल्या. विकणाऱ्याला सरळ विचारा, त्या दिवशी गाडी कुठे होती? यात संशय घेतल्यासारखं काही नाही. त्या भागातल्या माणसाला हा प्रश्न अपेक्षित असतो. (२०१९ च्या आधीची गाडी कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर बाजूची असेल, तर २५ सप्टेंबर २०१९ च्या आंबील ओढ्याच्या रात्रीबद्दलही हेच विचारा.) तोंडी उत्तरावर थांबू नका. हेडलाइटच्या काचेच्या आत तळाशी गाळाची रेघ, सीटखालच्या वायरींच्या कनेक्टरमध्ये हिरवट थर, ऑइलचं झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला कॉफीसारखा फेस, ही पाण्याची खूण. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाला थोडा पांढुरका थर येतो, तो वेगळा. फेस आणि कनेक्टरचा हिरवा थर दोन्ही दिसले तर गाडी कितीही स्वस्त असली तरी नको. पुरातून निघालेल्या एका गाडीची वायरिंग माझ्याकडे तिसऱ्यांदा आली होती. प्रत्येक वेळी दोष नवीन ठिकाणी. असल्या गाडीचा त्रास संपत नाही, आणि स्पितीत तर तो गावापासून साठ किलोमीटरवर होतो.

विमा पॉलिसीची प्रत मागा. तिच्यात नो क्लेम बोनसचा एक आकडा असतो. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०. पाच वर्षं नियमित विमा असलेल्या गाडीवर ४५ किंवा ५० दिसायला हवा. तिथे शून्य किंवा २० असेल, तर मध्ये क्लेम झालाय किंवा विमा तीन महिन्यांहून जास्त खंडित होता. दोन्हीचं कारण ऐकून घ्या. "गाडी कधी पडलीच नाही" असं सांगणाऱ्यासमोर हा कागद ठेवला की बोलणं पटकन मुद्द्यावर येतं. हा बोनस विकणाऱ्याचाच राहतो, तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे त्याचे पैसे देऊ नका.

जादा दिवे लावले असतील तर त्यांची वायर कुठून घेतलीय ते सीट काढून बघा. रिले आणि फ्यूज लावून बॅटरीवरून सरळ घेतली असेल तर हरकत नाही. मूळ वायरिंगला चिरा देऊन टेप गुंडाळली असेल, तर ते सगळं काढून टाकायचा खर्च धरा. बॅटरी मीटरने मोजली तर गाडी बंद असताना साडेबाराच्या आसपास आणि चालू असताना चौदाच्या आसपास व्होल्ट हवेत. टॉप बॉक्स जिथे बसवलाय त्या मागच्या सांगाड्याच्या वेल्डिंगवर टॉर्च मारा. केसासारखी भेग तिथेच पडते.

चालवून बघायला सोसायटीभोवती चक्कर मारू नका. सिंहगड रोडवरून निघून जुन्या कात्रज घाटात जा, वर जाऊन परत या. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल झटक्याने उघडा. आरपीएम चढला आणि वेग चढला नाही, तर क्लच प्लेट घसरतायत. कुंझुमला रांगायचं ते याच प्लेटांवर. उतारावर, मागे कुणी नाही हे बघून, चाळीसच्या वेगात हात हँडलवरून अगदी किंचित सैल करा. गाडी एका बाजूला ओढली जाते का ते कळेल. ब्रेक लावताना लिव्हरला धडधड जाणवली तर डिस्क वाकडी आहे. परत आल्यावर पाच मिनिटं आयडलवर ठेवा, बंद करा, लगेच पुन्हा सुरू करा. मग खाली वाकून कुठे ऑइल पाझरलंय का बघा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का ते आरसीवर आणि एमपरिवहन अ‍ॅपवर दिसतं. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनपलीकडे पैसे देऊ नका. ई-चलन थकलं असेल तर ते आधी विकणाऱ्याने भरावं. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, तुम्ही ३० दिवसांत अर्ज करायचा. "एजंट करून देईल, नंतर बघू" यात महिने जातात आणि तेवढ्यात त्या गाडीचा अपघात झाला तर कोर्टाचा कागद जुन्या मालकाच्या घरी जातो. त्यालाही हे समजावून सांगा म्हणजे तो स्वतःच घाई करेल. विमाही १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. थर्ड पार्टी गाडीबरोबर आपोआप येतो. पण आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी दुसऱ्याच्या, अशा अवस्थेत स्वतःच्या नुकसानीचा क्लेम मिळत नाही. परराज्यातल्या पासिंगची गाडी दहा-वीस हजारांनी स्वस्त दिसली तरी तिच्यामागे फॉर्म २८ ची एनओसी, १२ महिन्यांच्या आत इथे नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स लागतो. पहिल्याच जुन्या गाडीला तो व्याप नको.

आता भाव. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के झाला आणि नव्या गाड्या महागल्या. जुन्या ४११ आणि ३९० विकणारे हे कारण हमखास सांगतात. त्यात तथ्य आहे, पण त्याने पाच वर्षांची गाडी नवी होत नाही. पॅनियर आणि क्रॅशगार्डचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. कोनसेट, टायर, चेन यांचा खर्च मिस्त्रीकडून आधी लिहून घ्या आणि तो कागद पुढे ठेवून बोला. गाडी वरच्या सगळ्यांतून नीट पार पडली तर एक लाख पंचेचाळीसच्या आसपास मला ती योग्य वाटते. दोन लाखांतले उरलेले सगळे पैसे गाडीवर घालू नका. २५ ते ३० हजार पहिल्या कामासाठी बाजूला ठेवा, आणि त्यानंतर उरतील त्यातून दोघांची चांगली जॅकेट आणि बूट घ्या. केटीएम दोन लाख दहाला घेतलीत तर यातलं काहीच उरत नाही. मग जुने टायर आणि पातळ जॅकेट घालून वहिनींना स्पितीला नेणार, हे मला पटत नाही.

विकणारा जर सोबत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला यायला, सर्व्हिसची नोंद काढून दाखवायला आणि तुमच्या मिस्त्रीला अर्धा तास द्यायला तयार असेल, तर ती फार जमेची बाजू. जो माणूस टायर कधी बदलले, पॅड कधी घातले हे न विचारता सांगतो, त्याची गाडी मी चार-पाच हजार जास्त देऊनही घेईन. जो फक्त "एकदम मख्खन आहे" म्हणतो, त्याची नाही.

घेतलीत तर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल, फोर्क ऑइल, कोनसेट आणि लिंकेजचं ग्रीस एकदम करून घ्या, आधी केलेलं असो वा नसो. तिथून पुढची सगळी तारीखवार नोंद तुमची राहील. बेअरिंगा आणि ट्यूब नाना पेठेत मिळतात, क्लच प्लेट आणि केबल मात्र कंपनीच्याच घ्या. तारांच्या चाकांत ट्यूब असते, म्हणून पंक्चर स्वतः काढायला शिका. माझ्याकडे या, टायर काढून-घालून दाखवतो. पुढची २१ इंचाची एक ट्यूब कायम जवळ ठेवा, अडचणीत ती मागच्या चाकातही दुमडून भागते. आणि स्पितीच्या आधी पावसाळ्यात ताम्हिणीमार्गे श्रीवर्धन-हरिहरेश्वर अशी एक फेरी पूर्ण सामान आणि वहिनींसह करा. वरंध घाट पावसात बऱ्याचदा बंद ठेवतात, त्यामुळे परतीचा रस्ता निघण्याआधी विचारून घ्या. त्या फेरीत वहिनींची पाठ दुखली तर सीटचा फोम बदलायला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भरपूर वेळ आहे.